झोपेची वाटणी

“डोळे काढायचेच आहेत, तर तपासताय कशाला?” भावाने विचारलं.

डॉक्टरबाई तपासतच राहिल्या. त्या दवाखान्यात नव्या होत्या आणि दुसऱ्याने ठरवलेल्या ऑपरेशनवर डोळे मिटून सही करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बहीण यंत्रावर हनुवटी टेकवून मुकाट बसली होती. भाऊ शेजारच्या खुर्चीत होता. दोघांनाही लहानपणापासून एकच दुखणं, आणि त्यात दोघांचीही नजर पार गेलेली. बहिणीचे डोळे आता मोतीबिंदूने पांढुरके पडले होते, सारखे गळायचे, ठणकायचे. ती एका कचेरीत बाहेरून आलेले फोन आत जोडून द्यायची. येणारेजाणारे आपल्याकडे बघून चटकन मान वळवतात, हे तिला न दिसताही कळायचं.

भावाचे डोळेही असेच होते. ते त्याने इथेच, आधीच्या डॉक्टरांकडून काढून घेतले आणि नकली बसवले. इतके झकास, की दुकानदार त्याच्यापुढे कापड पसरून रंग पसंत आहे का विचारायचे. हा किस्सा तो येईल त्याला सांगायचा. बहिणीच्या मागे लकडा लावून तिला इथे आणलं, तेही त्यानेच. ऑपरेशन उद्यावर आलं होतं.

डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यावर प्रखर निळा दिवा लावला आणि तसाच धरून ठेवला. बाहुली आधी ढिम्म राहिली. मग मनाविरुद्ध उठवलेल्या माणसासारखी हळूहळू आक्रसली.

“काही दिसलं?”

“नाही,” बहीण म्हणाली. “पण दिवा लावलात ना तुम्ही?”

“बटणाचा आवाज आला असेल,” भाऊ म्हणाला. “हिचे कान भलते तिखट आहेत.”

डॉक्टरबाईंनी दिवा विझवला. मग तो तळहाताने घट्ट झाकला आणि पुन्हा बटण दाबलं. खट् झालं.

“आता?”

“आता नाही लावलात.”

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “रात्री झोप कशी लागते तुम्हाला?”

“छान लागते. सकाळी आपोआप जाग येते.”

“आमच्या घरात झोपेची वाटणी झालीय,” भाऊ हसत म्हणाला. “रात्र हिला दिली. मला जी उरेल ती.”

डॉक्टरबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा कळलं की हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तो बेकरीत पीठ मळायचा, पहाटेचं काम. काही आठवडे सगळं सुरळीत चालायचं. मग झोप रोज थोडी थोडी पुढे सरकायची, आणि एक दिवस असा यायचा की घर जेवायला बसलंय आणि हा गाढ झोपलाय. रात्री टक्क जागा. परत काही आठवड्यांनी गाडी रुळावर. मालकाने बरंच चालवून घेतलं, शेवटी हात जोडले. बायको म्हणायची, तुमची बहीणही आंधळीच आहे, ती कशी वेळेवर उठते? मुलीला घेऊन बायको माहेरी गेली, तेव्हाही तो झोपलेलाच होता.

“असं कधीपासून होतं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“आळसाला काय मुहूर्त लागतो?”

“दादा,” बहीण हळूच म्हणाली, “नवे डोळे बसवलेस, तेव्हापासून.”

डॉक्टरबाईंनी मग समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्यात ज्या पेशी जग दाखवतात, त्या या दुखण्याने मेल्या. पण त्याच पडद्यात गँगलियन नावाच्या पेशी असतात, आणि त्यांतल्या काहींना स्वतःलाच उजेड कळतो. चेहरा नाही, अक्षर नाही, फक्त उजेड आहे की नाही एवढंच. तेवढं त्या मेंदूला कळवतात, आणि मेंदू त्यावर शरीराचं घड्याळ रोज लावून घेतो. “तुमच्या बहिणीच्या त्या पेशी जिवंत आहेत. डोळे काढले तर त्याही जातील. दुखण्यावर औषध देते मी.”

“मग राहू देत माझे,” बहीण म्हणाली. “दिसायला कसेही असोत.”

भावाचा चेहरा उतरला होता. नकली डोळे मात्र तसेच तुकतुकीत, समोर रोखलेले. त्याला राग आला, आणि तो कुणावर काढावा हेच समजेना. आधीचे डॉक्टर भले माणूस होते. बहिणीला इथवर ओढत आणणारा तर तो स्वतःच होता. त्याने चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

“तुमच्यासाठी गोळ्या आहेत,” डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या. “सगळ्यांना लागू पडतात असं नाही, पण करून बघू.”

“गोळ्यांचं नंतर बघू,” तो म्हणाला. “आधी माझ्या बायकोला एक फोन कराल का? मी आळशी नव्हतो, एवढंच सांगा. माझ्या तोंडून तिला ते खरं वाटणार नाही.”