मुदतीआधी उघडलेला खड्डा

खड्ड्यात मुळे निघाले आणि सविता दौंडला सुखरूप सापडली. हे कुणी सांगितलंच नाही असं समजावं. कारण आत्ता खड्डा बंद आहे, सविताचा फोनही बंद आहे, आणि झुंबरबाईंच्या भाड्याच्या खोल्यांमागं, उसाच्या कडेला, अर्धं शिक्रापूर जमलंय.

खड्डा टेकेंद्र राईचा. टेकेंद्र नेपाळचा. कंपनीत प्रेस मशीनवर काम करतो आणि झुंबरबाईंच्या शेवटच्या खोलीत राहतो. झुंबरबाई लेकीकडं गेल्या होत्या तेव्हा त्यानं खड्डा खणला. आत आधी जाळ केला. मग पाचट अंथरलं. मग काहीतरी पायानं दाबून दाबून भरलं. वर फळी, फळीवर दगड, दगडांवर शेणमातीचा लेप. शेजारच्या पप्पूनं हे गच्चीवरून पाहिलं. एवढी काळजी घेऊन त्याच्या माहितीत कुणी काही पुरलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात टेकेंद्रची बायको, दिवस भरत आलेली सविता, दिसेनाशी झाली.

काल लेपाला चीर पडली. वास सुटला.

"बायको किधर हाय तेरा?" झुंबरबाईंनी विचारलं.

"दौंड में. बहन के पास. डिलिव्हरी उधर ही होगा."

"आन् ह्यात काय हाय?"

"मूली."

गर्दीत कुणीतरी हसलं आणि खोकला आल्याचं दाखवलं.

"मुळा फ्रीजात ठेवत्यात रं," झुंबरबाई म्हणाल्या. "पुरत न्हाईत."

पोलीस पाटील संपत पुढं झाला. ठाण्याला कळवण्याआधी त्याला खात्री करायची होती. मागं एकदा त्यानं अजगर निघाला म्हणून फोन केला होता. तो ठिबकचा पाइप होता. तेव्हापासून गाव त्याला पाइप पाटील म्हणतं.

"उघड," संपत म्हणाला.

टेकेंद्र खड्ड्यावर आडवा झाला. "अभी नहीं पाटील! अभी पूरा गला नहीं है. एक हफ्ता और. फिर मैं खुद खोलेगा, सबको बुलायेगा."

यानंतर त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं नाही.

त्यानं समजावून पाहिलं. मुळे महिनाभर जमिनीत आंबवले की त्याची सिंकी होते. आधी हवा लागली तर सगळं बाद. सविताला इथलं काही पचत नव्हतं. झुंबरबाईंनी प्रेमानं दिलेलं हुलग्याचं माडगं तिनं मान देऊन प्यायलं होतं आणि मान वळवून ओकलं होतं. तिचं एकच मागणं होतं. बाळ झालं की पहिला घोट सिंकीच्या साराचा, आई करायची तसा. तिच्या गावी खड्डा उघडला की वास समोरच्या डोंगरापर्यंत जातो आणि तिथली माणसं वाट्या घेऊन येतात.

इथंही माणसं आली होती. मोबाइल घेऊन.

"लाव तिला फोन," झुंबरबाई म्हणाल्या. त्यानं लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. साडूला लावला. वाजत राहिला.

इतका वेळ टेकेंद्रला खड्ड्याची काळजी होती. आता त्याचा चेहरा उतरला. सविता कुठं आहे, हे आता त्यालाही माहीत नव्हतं. रेंज नसेल म्हणून फोन कानाला धरून तो उठला आणि रस्त्याकडं निघाला.

"पळतोय!" पप्पू ओरडला. दोघांनी टेकेंद्रला धरलं. संपतनं फावडं घातलं.

लेप फुटला. दगड निघाले. फळी निघाली. वास असा आला की पुढं घुसणारे मागं घुसायला लागले. संपतनं नाकाला रुमाल लावून पाचट सारलं. आत पांढरं काहीतरी दिसलं. झुंबरबाईंनी डोळे गच्च मिटले.

"बोटं हायेत का रं?"

"मुळे हायेत," संपत म्हणाला. त्यानं तळापर्यंत उकरलं. तळालाही मुळेच होते.

"पाटील, पाइप तरी बघा खाली," मागून आवाज आला.

तेवढ्यात फोन वाजला. सविता. झुंबरबाईंनी तो टेकेंद्रच्या हातातून ओढला.

"बाय गं, हायेस का तू?"

"हाय की मावशी. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरनी ॲडमिट केलं, चार्जर घरी राहिला. आता ठीक हाय. पुढच्या आठवड्यात तारीख दिली." मग तिला आठवण झाली. "मावशी, मागं खड्डा हाय आमचा. तिकडं कुत्रं लई उकरतं. मी यांना बोलली, फिकर नको, मावशी आली की ध्यान ठेवणार."

झुंबरबाईंनी खड्ड्याकडं पाहिलं. मग गर्दीकडं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "समदी हितंच उभी हायेत."

फोन बंद झाला. निघून जावं असं सगळ्यांना वाटत होतं, पण आधी कुणी निघायचं हे ठरेना.

"दुसरं पुरलं तर?" संपतनं विचारलं.

"एक महीना लगेगा," टेकेंद्र खड्ड्यात बघत म्हणाला.

दोघंजण गाडी काढून मुळे आणायला पळाले. संपतला अडचणीत एकच गोष्ट जमायची. त्यानं बुलेटच्या सीटवर कागद ठेवला आणि अर्ज लिहिला. झुंबरबाईंना सही येते. पण वजन पडावं म्हणून त्यांनी अंगठा केला. खाली पप्पूसकट सगळ्यांनी सह्या केल्या.

"प्रति, मा. वैद्यकीय अधिकारी, दौंड. विषय: प्रसूतीची तारीख पुढे ढकलणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्याकडे दाखल असलेल्या सविता राई यांचे मुळे ग्रामस्थांच्या घाईमुळे मुदतीआधी उघडले गेले आहेत. नवीन मुळे आज रोजी सर्वांसमक्ष पुरण्यात येत आहेत. तरी सदर मुळे तयार होईपर्यंत बाळास आहे त्याच ठिकाणी राहू द्यावे, ही नम्र विनंती."