टोफूसारखा कोपरा

हाही डबा फाटला. प्रेस खाली आली, वर गेली, आणि चौकोनी डब्याच्या तळाच्या चारही कोपऱ्यांतून पलीकडचा उजेड दिसू लागला. चेअरमन ह्योन यांनी डबा उचलला, एका चिरेत करंगळी घातली आणि प्रेसवरच्या मुकादमाकडे, प्यो बानजांगकडे, पाहिलं.

"पत्रा तोच, यंत्र तेच. म्हणजे हात बिघडलेत. सोमवारी पुन्हा बघेन. तेव्हाही फाटला, तर प्योनं घरी बसावं."

नाचता येईना, अंगण वाकडं. इथल्या अंगणाला उलट बोलायची सोय नव्हती. प्योची धाकटी मुलगी अजून कॉलेजात होती. तो मान खाली घालून उभा राहिला.

डब्याचं चित्र खुद्द चेअरमनसाहेबांनी काढलं होतं. एका दुपारी कँटीनमध्ये त्यांनी टोफूची वडी बशीत ठेवून जाहीर केलं होतं, "कोपरा असा हवा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टोफू सुरीनं कापतात आणि पत्रा साच्यात ओढून बसवतात, हा किरकोळ फरक सांगायला कुणी धजावलं नाही. आराखडा विभागातली मा हेरिम तेवढी म्हणाली होती, "कडेला थोडी गोलाई द्या. इतक्या टोकदार कडेवरून वळताना पत्रा ताणून पातळ होतो आणि फाटतो. दोन मिलिमीटरऐवजी सहा ठेवा." तेव्हा तिच्या विभागप्रमुखांनी, नामगुंग बुजांगनी, टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला होता. चेअरमनच्या चित्रात चूक काढणं म्हणजे त्यांच्या आईच्या किमचीत मीठ कमी पडलंय असं म्हणण्यासारखंच होतं.

नामगुंगनी या कारखान्यात आयुष्यभर मूग गिळले होते. एव्हाना त्यांच्या पोटात मुगाचं शेत उगवलं असावं, असं हेरिमचं मत होतं.

आज मात्र ते खाकरले. आता तरी हा माणूस बोलेल, असं हेरिमला वाटलं.

"चेअरमनसाहेब, या साच्याचा गोसा राहिलाय, नव्या साच्याची पूजाच झाली नाही," नामगुंग म्हणाले. "डुकराचं मुंडकं मांडलं नाही, तांदळाची दारू, माकगली, शिंपडली नाही. यंत्र रुसलं असेल."

चेअरमनसाहेबांचा चेहरा खुलला. त्यांचा नाही आणि त्यांच्या चित्राचाही नाही, असा एक दोष अखेर सापडला होता. "हेच म्हणणार होतो मी! सोमवारी आधी गोसा घाला. मुंडकं हसऱ्या तोंडाचं बघून आणा."

"साचा उतरवून घासूनपुसून घ्यावा लागेल. मळक्या साच्याला नमस्कार कसा करणार?"

"घासा, घासा!"

हेरिमनं त्यांना जिन्यात गाठलं. "बुजांगनिम, इथे माणसाची नोकरी चाललीय आणि तुम्ही डुक्कर कसलं आणताय?"

"हसरं मिळणं सोपं नसतं," ते गंभीरपणे म्हणाले. "साच्याच्या खोलीतल्या सगळ्यांना घेऊन मी बाजारात जातोय. खोलीची किल्ली तू ठेव."

ती दातओठ खात तशीच प्योकडे गेली. "बानजांगनिम, साचा घासायचाच आहे ना? मग जरा जास्तच घासू या."

प्यो चपापला. "चेअरमनना कळलं तर सोमवारचीही वाट बघणार नाहीत."

"आणि नाही घासला, तर सोमवार ठरलेलाच आहे."

दोघांनी दार लावून घेतलं. पत्र्याला खाली दाबणाऱ्या पंचाच्या कडेची धार मोडून तिला सहा मिलिमीटरची गोलाई दिली. पत्रा ज्या काठावरून साच्यात सरकतो, तो काठही गोल करून गुळगुळीत घासला. हेरिमच्या मनात उकळ्या फुटत होत्या. अख्ख्या कारखान्यात अक्कल काय ती आपल्यालाच, अशी तिची खात्रीच पटली.

सोमवारी मुंडकं खरोखरच हसत होतं. चेअरमननी त्याच्या तोंडात नोटा कोंबल्या आणि जमिनीला डोकं टेकलं. त्यांच्यामागून एकेक जण वाकला. मग नामगुंग पुढे झाले. ते चर्चमधले ज्येष्ठ, अशी पूजा त्यांच्या धर्मात वर्ज्य. आजवरच्या प्रत्येक गोसात ते हात मागे बांधून कडेला उभे राहिले होते आणि त्यावरून टोमणेही खाल्ले होते. आज त्यांनी बूट काढले, चटईवर गुडघे टेकले आणि डुकरापुढे कपाळ जमिनीला लावलं.

हेरिमला किळस आली. "खुर्चीसाठी माणूस देवसुद्धा बदलतो," ती प्योला म्हणाली, जरा मोठ्यानेच.

प्रेस खाली आली आणि वर गेली. डबा अखंड होता. दुसरा अखंड, तिसराही अखंड. चेअरमनसाहेबांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. चष्मा खिशात होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना फक्त स्वतःचं मत दिसे. "बघा! अगदी टोफू! चित्र बरोबरच होतं माझं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्योनं बाहीनं डोळे पुसले. त्याच्याकडे बघून हेरिमचाही ऊर भरून आला.

सगळे माकगलीच्या पिंपाकडे धावले, तेव्हा नामगुंग गुडघे झटकत तिच्याजवळ आले. त्यांनी डबा उलटा केला आणि तळाची कड चाचपली.

"सहा?" त्यांनी हळूच विचारलं.

हेरिमनं आजूबाजूला पाहिलं. "तुम्हाला... माहीत होतं?"

"एक मुंडकं आणायला सगळी खोली रिकामी करावी लागते का गं?"

तिला मान वर करवेना. "बुजांगनिम, मघाशी मी जे बोलले..."

"ऐकलं. रविवारी चर्चमध्ये याहून जास्त ऐकायचंय." त्यांनी डबा तिच्या हातात दिला. "आता पुढच्या भांड्याला किती गोलाई हवी, ते मला आजच सांगून ठेव. देव एकदा माफ करेल, दर भांड्याला नाही."