जाईच्या कळ्यांचं कडं

“क्रूस नको,” उर्सुला म्हणाली. “कळ्या काढ. जाईच्या. गिटारीच्या भोकाभोवती गोल फिरवून.”

गॅब्रिएलने हातातला रंधा खाली ठेवला. त्याच्यापुढे मयताची एक पेटी अर्धवट पडली होती आणि आणखी दोन भिंतीला टेकून उभ्या होत्या. ठाण्यात प्लेग शिरला त्याला चार महिने होत आले. तेव्हापासून बाळकुमच्या या सुताराने पेट्यांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. त्याआधी तो गिटारी करायचा, चर्चमधली व्हायोलिनं दुरुस्त करायचा. आता माणूस समोर आला की त्याची नजर आपोआप डोक्यापासून पायांपर्यंत जायची आणि माप घेऊन परत यायची. सुरुवातीला त्याला याची लाज वाटायची. आता लाज वाटण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

उर्सुला कोलशेतची. तिच्या थॉमसने नाताळाआधी गिटार करायला सांगितलेली. ती झाल्यातच जमा होती. फक्त भोकाभोवतीचं नक्षीचं कडं राहिलं होतं. त्यासाठी कोरलेली खाच रिकामी होती, आणि गिटार तशीच खुंटीला टांगलेली होती. थॉमसला तीन आठवड्यांपूर्वी प्लेगच्या छावणीत नेलेलं, हे गॅब्रिएलला ठाऊक होतं.

उर्सुलाने पदराची गाठ सोडली आणि खाडीतले शिंपले फळीवर ठेवले. घासून घासून तिने ते आतून चकचकीत केले होते.

“लग्नात वाजवायचीय त्याला,” ती म्हणाली. “बरा झालाय तो. उद्यापरवा सोडतील. मी रोज कुंपणाशी जाऊन बघते ना.”

गॅब्रिएलने एक शिंपला उजेडाकडे धरून पाहिला. सगळ्याच आया असं म्हणायच्या, आणि दोन दिवसांनी त्यांच्या घरून कोणीतरी मापाची दोरी घेऊन दारात उभं राहायचं. छावणीतून चालत घरी आलेला माणूस त्याने अजून पाहिला नव्हता. या बाईला गिटार मुलाबरोबर मातीत ठेवायची आहे, एवढं त्याला कळलं. ते तिच्या तोंडून वदवून घ्यायची त्याला गरज वाटली नाही.

“शुक्रवारपर्यंत होईल,” तो म्हणाला.

“होऊ दे सावकाश,” ती म्हणाली. दाराच्या खांबाला धरून ती थोडा वेळ उभी राहिली, मग चालू लागली. सोमवार होता तो.

त्याने कागदावर कर्कटकाने दोन वर्तुळं काढली आणि त्यांच्यामध्ये चोवीस कळ्या बसवल्या. शिंपला बारीक करवतीने कापायचा, कानशीने घासायचा, खाचेत धरून बघायचा, पुन्हा घासायचा. कळीचं टोक तांदळाच्या दाण्याहून बारीक, आणि तेच मोडायचं. मधूनच कोणी पेटीसाठी यायचं. मग शिंपले बाजूला सारून तो फळ्या ठोकायला घ्यायचा आणि संपल्यावर पुन्हा कळ्यांकडे वळायचा. बोटं जड झालेली. डोळ्यांतून पाणी यायचं.

बुधवारी दुपारी अकरावी कळी तिसऱ्यांदा मोडली.

त्याने तुकडे फळीवर टाकले. मातीखाली जायच्या वस्तूला एवढं कशाला करायचं? काळी लाख वितळवून खाच भरून टाकली तर कोण बघणार होतं? त्याने लाख चुलीवर ठेवलीसुद्धा आणि ती पातळ व्हायची वाट बघत बसला. बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की हे कळ्यांचं काम हातात असताना आपण कोणाच्या अंगाचा विचार केला नाही. कोण किती उंच, कोणाचे खांदे किती रुंद, काहीच नाही. पाठ दुखत होती, पण ते दुखणं जुनं, ओळखीचं होतं, गिटारी करतानाचं.

त्याने लाख खाली उतरवली आणि नवा शिंपला उचलला.

शुक्रवारी चोविसावी कळी बसली. कळ्यांच्या मधली जागा त्याने शिसवीच्या बारीक पट्ट्यांनी भरली, सरस वाळू दिला, मग वरून पातं फिरवून सगळं एकसारखं केलं. तारा चढवल्या. शनिवारी सकाळी गिटार धोतराच्या फडक्यात गुंडाळून तो कोलशेतला निघाला. काय बोलायचं ते तो वाटेत ठरवत होता. काही सुचत नव्हतं.

उर्सुलाच्या अंगणात बाजेवर एक माणूस बसला होता. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. गॅब्रिएलची नजर सवयीने डोक्यापासून खाली निघाली आणि मध्येच थांबली. तो थॉमस होता.

“या, गॅब्रिएलमामा,” थॉमस म्हणाला. “मंगळवारी सोडलं मला.”

गॅब्रिएलने फडकं सोडून गिटार त्याच्या हातात दिली. थॉमसने कड्यावरून बोट फिरवलं. लाकूड कुठे संपतं आणि शिंपला कुठे सुरू होतो, ते बोटाला कळत नव्हतं.

“आयने सांगितलेलं, कळ्या असतील म्हणून.”

“कुठंय ती? तिला दाखव.”

“गेली ती,” थॉमस म्हणाला. “गुरुवारी. सोमवारी तुमच्याकडून आली ती तापानं फणफणतच आली. तिला ठाऊक होतं काय झालंय ते.”

गॅब्रिएल बाजेच्या कडेवर बसला.

“मला कळवायचं नाही का रे,” तो म्हणाला. “तिच्यासाठी पेटी केली असती मी.”

“मी निघालोच होतो तुमच्याकडे,” थॉमस म्हणाला. “तिनंच अडवलं. म्हणाली, मला चटईत गुंडाळा, पण गॅब्रिएलला हलवू नका. कितीतरी दिवसांनी त्याला दुसरं काम मिळालंय.”