चार मिनिटं

दुरुस्तीवाल्या बाईंनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि आत फुंकर मारली. धुळीचा लोट उठला. चष्मेवाला दोन पावलं मागे सरला, पण नजर डब्यावरच होती. त्याच्या खिशात एका नव्या खेळासाठी लागणाऱ्या भागांची यादी होती. एवढी मेमरी, असलं ग्राफिक्स कार्ड. त्यातलं निम्मं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. मुलीची शाळा सुटायच्या आत सगळं बसवून डबा घरच्या टेबलावर जसाच्या तसा ठेवायचा, एवढं मात्र पक्कं होतं.

मुलगी बायकोच्या पहिल्या लग्नाची. तीन वर्षांपूर्वी आईबरोबर त्याच्या घरी आली तेव्हा अकरा वर्षांची होती. ती त्याला काका म्हणे, तेही अगदीच गरज पडली तर. पहिली दोन वर्षं ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ एवढ्यावरच भागलं. मग रविवारी दुपारी दोघं मोटारशर्यतीचा एक जुना खेळ खेळू लागली. एकच कीबोर्ड, कोपराला कोपर लागायचं. पण खेळताना ती चकार शब्द काढत नसे.

एका रविवारी मशीन अडकलं. पडद्यावर चकती गोल गोल फिरत राहिली. हातावर हात ठेवून बसण्याखेरीज काही करण्यासारखं नव्हतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “माझे बाबा गाडी चालवताना शीळ घालायचे.”

बाबांचा विषय तिने त्याच्यापुढे पहिल्यांदाच काढला होता. चष्मेवाल्याने नुसता हुंकार दिला. आपण जास्त बोललो तर ती थांबेल, अशी त्याला भीती वाटली.

पुढच्या रविवारपासून मशीनने जे अंग टाकलं ते टाकलंच. दर शर्यतीआधी चार मिनिटं चकती फिरे. तेवढ्यात ती वर्गातली भांडणं सांगे, गणिताच्या बाईंची नक्कल करी, ‘आईला सांगू नका हं’ म्हणून काहीबाही सांगे. तो जिवाचा कान करून ऐके. आणि आठवडाभर त्याला एकच धास्ती असे. मैत्रिणींकडे नवेनवे खेळ आहेत, या खटाऱ्याला पोरगी एक दिवस कंटाळणार. मग पुन्हा ‘जेवलीस का’ आणि ‘हो’. नवे भाग बसवूया का, असं त्याने एकदा विचारलंही होतं. “राहू द्या हो काका, चालतंय की,” ती म्हणाली होती. किती समजूतदार पोर, असं वाटून त्याला भरून आलं होतं.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा!” बाई हसून म्हणाल्या. डब्याच्या तळाशी चिकटपट्टीने लावलेली एक पुडी त्यांनी सोडवून आणली होती. “नवी मेमरी कशाला घेताय? यात दोन पट्ट्या होत्या, त्यातली एक कुणीतरी काढून ठेवलीये. बघा, कशी नीट गुंडाळलीये. मुद्दामच केलेलं काम आहे हे. म्हणून तर एवढं रखडतंय बिचारं.”

चष्मेवाल्याने पुडी हातात घेतली. पिवळं, मऊ, काच पुसायचं फडकं. कोपऱ्यात त्याच्याच चष्म्यांच्या दुकानाचं नाव. मुलीला चष्मा लागला तेव्हा त्याने स्वतः तो बनवून दिला होता आणि सोबत हे फडकं. नंतर ते हरवलं म्हणून तिने दुसरं मागून घेतलं होतं.

“परत बसवू का?” बाईंनी विचारलं. “दोन मिनिटांचं काम. तुमचा जुना खेळ तर वाऱ्यासारखा पळेल.”

त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्या फडक्याने काचा पुसल्या, मग डोळे पुसले. पट्टी होती तशी गुंडाळली आणि बाईंच्या हातात दिली.

“जिथे होती तिथेच चिकटवा,” तो म्हणाला. खिशातली यादी त्याने चुरगाळली. “आणि बाई, याला आणखी थोडं हळू करता येईल का?”