ताईचा हवापालट

घरचा फोन वाजून वाजून थांबला. ताईने पुन्हा लावला. समोर धाकटी पावाला लोणी लावत होती आणि कधीपासून एकाच जागी सुरी फिरवत होती.

"बाबा बाथरूममध्ये असतील," धाकटी म्हणाली. "चहा गार होतोय तुझा."

"आणि दादा? तोही बाथरूममध्येच?"

हॉटेलच्या गच्चीवरून डोंगर अगदी हाताशी आल्यासारखे दिसत होते. हे शहर दोघींच्या ओळखीचं. बाबा याच रस्त्यावर बस चालवायचे, आणि शाळेला सुट्टी लागली की दोघींना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवून इथे आणायचे. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ताई इकडे फिरकली नव्हती. इकडेच कशाला, गल्लीच्या टोकापलीकडेही फारशी गेली नव्हती. शिवणकाम तिने घरी आणलं. लग्नाचं बघू बघू म्हणता तो विषयच निघेनासा झाला. घरात सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठा दादासुद्धा आणि बाबासुद्धा.

रात्रीचं तर विचारू नका. सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधूनमधून कूस बदलून द्या, नाहीतर पाठीला जखमा होतील. पुढे बाबा काठी धरून चालू लागले, शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. पण आता कूस बदलायचं बंद करा, असं काही डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि ताईने विचारलंही नाही. ती गजर लावून उठायची, दिवा लावायची, बाबांना या कुशीवरून त्या कुशीवर करायची. बाबा काहीतरी बोलू बघायचे. "हो हो, पाणी," म्हणत ती पेला त्यांच्या तोंडाला लावायची. सकाळी तिचे डोळे लाल. शेजारीण म्हणायची, अशी मुलगी मिळायला नशीब लागतं. ताई "कसलं काय" म्हणून उडवून लावायची, पण ते ऐकायला तिला आवडायचं, यात काही खोटं नाही.

म्हणून तर धाकटीने हट्ट धरला होता. दोन दिवस हवापालट कर, झोप काढ, दादा येऊन राहील बाबांजवळ. ताई ऐकेचना. शेवटी बाबांनीच हात हलवून "जा" म्हटलं. त्यांची जीभ अजून जड होती, तेवढंच बोलले. मग ताई निघाली. इथे येऊन झोप मात्र कसली लागते? अंग आपोआप उठून बसत होतं.

आता तिने शेजारणीला फोन लावला.

"अगं, त्यांना काल नेलं ना," शेजारीण म्हणाली. "टेम्पो आला होता. पलंग, कपाट, खुर्ची, सगळं चढवलं. आता दादाकडेच राहणार म्हणे. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

ताईने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तुला माहीत होतं," ती धाकटीला म्हणाली.

धाकटीने सुरी खाली ठेवली. "महिनाभर बोलणं चाललं होतं."

महिनाभर. म्हणजे दादाने आग्रहाने घेऊन दिलेले चालायचे बूट, ते त्यासाठी. आणि वहिनी, जिला एरवी ताई जिवंत आहे की नाही याचंही सोयरसुतक नसतं, तिने निघताना फोन करून सांगितलं होतं, "ताई, अगदी निवांत राहा बरं." केवढा तो पुळका. आपल्याला कुणी इतकं मूर्ख बनवू शकेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मला फिरायला म्हणून आणलंत आणि मागच्या मागे माझ्या बापाला उचलून नेलंत. केसाने गळा कापलात माझा."

"तसं नाही गं, ताई."

"मग कसं? त्यांचं बोलणं तरी कळतं का दादाला? रात्री उठून कोण बघणार त्यांच्याकडे? तो तर ढाराढूर झोपतो."

धाकटी रडायला लागली. ताईला तिची जराही कीव आली नाही. लहानपणी हिने फोडलेल्या कपबशांची बोलणी आपण खाल्ली, आणि हिने हे पांग फेडले. तिने दादाचा नंबर लावला.

"बाबांना दे."

"आधी ऐकून तर घे..."

"बाबांना दे, दादा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाबांचं खाकरणं.

"बाबा, घाबरू नका," ताई घाईघाईने म्हणाली. "मी आत्ताच निघते. दुपारपर्यंत येते आणि तुम्हाला आपल्या घरी घेऊन जाते. तुम्हाला विचारलं तरी का या लोकांनी?"

पलीकडे बाबा शब्द जुळवू लागले. एरवी ताईने त्यांचं वाक्य त्यांच्या आधीच पुरं करून टाकलं असतं. आज तिला काही सुचेना.

"मीच सांगितलं," बाबा एकेक शब्द चाचपत म्हणाले. "तू घरात असताना... जमलं नसतं."

"माझं काय चुकलं, बाबा?"

"चुकलं नाही गं." शब्द सापडायला त्यांना वेळ लागला, पण सापडले ते नीट आले.

"ताई, काल मी रात्रभर झोपलो."