सेन्सरवरचं कुंकू

"सेन्सरला कुंकू लावायची अक्कल कुणाची?" पर्सोनेल मॅनेजर गद्रेसाहेबांनी विचारलं.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा झाली, तेव्हा नव्या प्रेसच्या सेन्सरची काच कुंकवाने भरली. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर ऑपरेटर भागिनाथने मशीन सुरू केलं. पत्रा नीट बसलाय की नाही हे मशीनला दिसेना आणि पत्र्याला आकार देणारी महागडी डाय फुटली.

"करारात कलम आहे. निष्काळजीपणामुळे कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान. नोटीस न देता बडतर्फ," साहेबांनी सुनावलं.

मिसरूड फुटल्यापासून भागिनाथ इथेच राबत होता. त्याने साहेबांच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. पूजेचा फोटो फ्रेम करून तिथे लावला होता. फोटोत मालकीणबाई हसतमुखाने सेन्सरवर कुंकू टेकवत होत्या.

"मी म्हणालो होतो साहेब, 'बाई, तिथं नको, काच आहे.' तर म्हणाल्या, 'अहो, मशीनचं कपाळ तिथंच आहे ना!' टाळ्या तुम्हीच वाजवल्या."

शेजारी बसलेला युनियनचा पुढारी चहाच्या कपात बघू लागला. गद्रेसाहेब उठले. चष्मा लावून फोटोजवळ गेले आणि बराच वेळ तो निरखत राहिले. भागिनाथला वाटलं, सुटलो एकदाचा.

"बरोबर आहे तुझं, कुंकू बाईंनीच लावलंय," साहेब वळून म्हणाले. "पण त्यांच्यापुढे कुंकवाचं ताट कोणी धरलंय?"