डोळे न मिटता

बाळ दिनकररावांच्या मांडीवर होतं आणि ते मात्र खिडकीकडे बघत होते.

"बाबा, नातीकडे बघा तरी," मृणाल म्हणाली. "मुलगी झाली म्हणून नाराज आहात का?"

"वेडी आहेस का!" ते हळूच म्हणाले. "सरळ बघितलं की मधोमध काळा डाग येतो गं. दुसरीकडे बघितलं की ही कडेनं दिसते."

मृणालला परवा दवाखान्यात येतानाचा घाट आठवला. गाडी मर्यादेपेक्षा वेगात दिसली की तिथले लेसरचे खांब थेट चालकाच्या डोळ्यांवर प्रकाश मारत. त्यानं अपाय होत नाही, असं वाहतूक खातं सांगायचं. ती मागच्या सीटवर कळा सोसत होती आणि बाबांनी गाडी हळू केली नव्हती. वळणावळणावर खांब लखलखत होते.

"डोळे मिटून घ्यायचे ना, बाबा!"

"बाजूला दरी होती. आणि मागे तू होतीस."

मृणालला रडू आलं. तिनं बाळाला अलगद उचललं आणि त्यांच्या नजरेच्या कडेला, अगदी जवळ धरलं.

दिनकररावांनी मान तशीच ठेवली. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हिच्या हनुवटीला खळी आहे," ते म्हणाले. "तुझ्या आईची."